‘बालरक्षक’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा आहे: मराठी बायबलमध्ये गलतीकरांस पत्रात (३:२४) ‘नियमशास्त्र (म्हणजे मोशेने यहुद्यांना दिलेला धर्माचा कायदा) आपले बालरक्षक होते’ असं म्हटलं आहे. हिंदी बायबलात त्याच जागी ‘शिक्षक’ येतो. मग बालरक्षक म्हणजे शिक्षकच का? आणि हे पत्र लिहिणारा पौल, पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक, नियमशास्त्राच्या बंधनाविरुद्ध एवढा तावातावाने लिहितोय, तर त्याच नियमशास्त्राला ‘रक्षक’ असं मानाचं बिरुद का देतो?

शिक्षक नव्हे, हे आधी सांगून टाकतो. मूळ ग्रीक शब्द आहे ‘पायदागोगोस’. शब्दशः अर्थ, मुलाला नेणारा. शिकवणाऱ्याला ग्रीकमध्ये वेगळा शब्द होता, ‘दिदास्कालोस’. पायदागोगोस हा घरचा गुलाम. मालकाच्या मुलाला शाळेत न्यायचं, आणायचं, त्याचं सामान उचलायचं, रस्त्यात कोणाच्या नादी लागू द्यायचं नाही, मान वर करून चालला तर दटावायचं, वेळ पडली तर छडी उगारायची, हे त्याचं काम. बहुतेकदा हा माणूस परमुलखातला असे, आणि शेतावर किंवा कारखान्यात राबण्याजोगा न उरलेला म्हाताराही असे. अथेन्समधल्या अल्किबियादेससारख्या बड्या घरच्या पोरालासुद्धा त्याचा पालक, पुढारी पेरिक्लेसने झोपिरोस नावाचा असाच एक थ्रेसचा म्हातारा नेमून दिला होता.

हा प्राणी जवळून पाहायचा तर प्लेटोचा ‘लिसिस’ हा संवाद उघडावा. सॉक्रेटिस कोवळ्या लिसिसला विचारतो, तुझ्यावर हुकूम कोणाचा चालतो? तो म्हणतो, या पायदागोगोसचा. म्हणजे गुलामाचा? हो, आमच्याच घरचा आहे. स्वतंत्र माणसावर गुलामाने सत्ता चालवावी हे अजबच, असं सॉक्रेटिस म्हणतो आणि पुढे जातो. संवादाच्या शेवटी मैत्रीची व्याख्या ऐन रंगात आलेली असताना हेच पायदागोगोस येऊन टपकतात. उशीर झालाय, घरी चला! मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये ओरडतात, सणाची थोडी घेतलेलीही असते. तत्त्वज्ञांची काही मात्रा चालत नाही, बैठक मोडते.

पौल हा शब्द वापरतो तेव्हा त्याच्या वाचकांपुढे ही मूर्ती उभी राहत होती. आपल्यापुढे उभा राहतो तो डी.एड., बी.एड.च्या अभ्यासक्रमातल्या ‘पेडॅगॉजी’चा पुत्र, म्हणजे अध्यापनशास्त्री. तो पुष्कळ नंतरचा. शब्दाची ही बढती तशी लवकरच सुरू झाली होती. इ.स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती पंडिताने याच नावाचा ग्रंथ लिहिला आणि त्यात पायदागोगोस म्हणून चक्क ख्रिस्तालाच बसवलं. पौलाच्या वाक्यात ती जागा बरोबर उलट्या पक्षाची, म्हणजे नियमशास्त्राची आहे.

आता भांडण काय होतं ते थोडक्यात. गलतिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा मधला पट्टा. तिथल्या यहुदी नसलेल्या लोकांनी पौलाच्या प्रचाराने ख्रिस्त मानला. मागून दुसरे प्रचारक आले आणि म्हणाले, नुसत्या विश्वासाने भागत नाही, सुंता करून घ्या, मोशेचं नियमशास्त्र पाळा. पौल संतापला. रागाच्या भरात एके ठिकाणी तो लिहितो की सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांनी पुरतंच कापून घ्यावं (५:१२). अंत्युखिया शहरात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसणारा येशूचा शिष्य पेत्र, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं येताच उठून बाजूला झाला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, तेही याच पत्रात आहे. जेवायला कोणी कोणासोबत बसायचं यावरून धर्माचा एवढा मोठा सिद्धांत निघाला, हे मराठी वाचकाला फारसं नवल वाटायला नको.

पण पौलाची अडचण अशी की नियमशास्त्र देवाचंच. त्याला खोटं म्हणता येत नाही. मग तो काळाचा मुद्दा काढतो. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याला देवाचं वचन मिळालं ते आधी, नियमशास्त्र आलं ४३० वर्षांनी (३:१७). ते आलं, त्याचं काम झालं, मुदत सरली. पुढचंच वाक्य वाचा (३:२५): विश्वास आल्यावर आपण यापुढे पायदागोगोसच्या हाताखाली नाही. त्याच्या लगेच पुढे तो वारसाचं उदाहरण देतो. वारस लहान आहे तोवर सगळ्याचा धनी असूनही गुलामाहून वेगळा नाही. बापाने ठरवलेल्या मुदतीपर्यंत पालक-कारभाऱ्यांच्या ताब्यात. ज्यांनी सातबारा हाताळलाय त्यांना हे चटकन कळेल. वारस अज्ञान असेल तर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून कोणाचं तरी नाव लागतं. तो सज्ञान झाला की अर्ज करून शेरा कमी करून घ्यायचा. शेरा चुकीचा होता असं कोणी म्हणत नाही, पण पंचविशीतही तो तसाच ठेवला तर व्यवहार अडतो. सुंतेला तयार झालेल्या गलतीकरांना पौल जवळजवळ हेच सांगतोय.

म्हणून ‘बालरक्षक’ हा शब्द मला हिंदीतल्या ‘शिक्षक’पेक्षा खूपच सरस वाटतो. त्यातला ‘बाल’ मुदत सांगतो. ‘रक्षक’ मात्र जरा गोड झाला आहे, छडी आणि गुलामी दोन्ही गळली. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक लूथर याने जर्मनमध्ये ‘त्सुख्टमाइस्टर’, शिस्त लावणारा, असं केलं. तिथे छडी आहे, मूल नाही. १६११च्या इंग्रजी भाषांतरात ‘स्कूलमास्टर’ आहे, तो तर सरळ पंतोजीच.

खरी मेख मराठीत दुसऱ्या शब्दात आहे. वाक्यात ‘ख्रिस्ताकडे पोहचवणारे’ असं येतं. ग्रीकमध्ये ‘पोहचवणारे’ नाही. तिथे फक्त ‘एइस ख्रिस्तोन’ आहे, आणि ‘एइस’चा अर्थ ‘कडे’ही होतो, ‘पर्यंत’ही होतो. ‘कडे’ घेतलं तर नियमशास्त्र बोट धरून ख्रिस्ताच्या शाळेत सोडणारं ठरतं. ‘पर्यंत’ घेतलं तर ते ख्रिस्त येईतो पहारा करणारं. आधीच्या ओळीत कोंडून ठेवल्याची, पहाऱ्यात असल्याची भाषा आहे आणि पुढे मुदतीची, त्यामुळे ‘पर्यंत’ची बाजू मला भक्कम वाटते. यहुदी वाचकाला अर्थात दोन्ही पटणार नाहीत. नियमशास्त्रासाठीच्या ‘तोरा’ या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थच शिकवण. शिकवणीला मुदत कसली?

एक सावधगिरी. महाराष्ट्राच्या शिक्षण खात्यात हल्ली शाळाबाह्य मुलांना शोधून शाळेत आणणाऱ्या शिक्षकांना ‘बालरक्षक’ म्हणतात. गूगलवर शोधलंत तर तेच आधी दिसतील. बायबलमधल्या शब्दाशी त्यांचा संबंध असायचं कारण नाही, पण काम बघाल तर पौलाच्या पायदागोगोसला ते हिंदीतल्या ‘शिक्षक’पेक्षा जवळचे आहेत.