'आपण त्यांच्यासारखे नाही' असं तू म्हणालास

प्रिय भाच्या,

अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या जेवणाला तू जे बोललास ते अजून माझ्या मनातून जात नाही. ऑफिसातल्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याला तू 'कल्लू' म्हणालास. मग म्हणालास, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथेच आहेत तरी जिथल्या तिथे, आपण मात्र वीस वर्षांत घरं घेतली, आपण त्यांच्यासारखे नाही. दोघंतिघं हसले. चार लोकांत तुला बोलायला नको म्हणून मी गप्प बसले. ते माझं चुकलं.

आधी आपण इथे अमेरिकेत आलो कसे ते सांगते. 1924 च्या कायद्याने जवळजवळ सगळ्या आशियाला या देशाचं दार बंद केलं होतं. 1946 मध्ये ते भारतीयांसाठी किलकिलं झालं, पण वर्षाला फक्त 100 जणांपुरतं. अख्ख्या हिंदुस्थानातून शंभर! ते बदललं 1965 साली. त्याआधी अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये समान हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय शाळकरी पोरांच्या अंगावर पोलिसांनी कुत्री सोडली होती, सेल्माच्या पुलावर माणसांची डोकी फोडली होती. त्या लोकांनी मार खाऊन देशाला लाज वाटायला लावली. मतदान हक्काच्या कायद्यावर 6 ऑगस्ट 1965 ला सही झाली आणि इमिग्रेशनच्या नव्या कायद्यावर 3 ऑक्टोबरला. मधे दोन महिनेसुद्धा गेले नाहीत. माझे यजमान ज्या कायद्याने इथे आले तो हाच. ज्यांना तू कल्लू म्हणालास, त्यांच्या आईवडिलांनी आपल्यासाठी दाराची कडी काढली.

आता घरांचं. हा हिशेब मी तुला नीट मांडून दाखवणार आहे, कारण तू आकड्यांचा माणूस आहेस. 1930 च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहराशहरांचे नकाशे केले. कृष्णवर्णीयांची वस्ती जिथे, तो भाग लाल रंगवला. लाल म्हणजे कर्ज बुडण्याचा धोका. आपल्या शेजारचं नेवार्कही त्या नकाशांत आहे. सरकार ज्या गृहकर्जांना हमी देत होतं, ती या वस्त्यांना मिळेनात. 1947 पासून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन उभं राहिलं, युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी हजारो स्वस्त घरं. करारात कलम होतं की गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहायचं नाही. युद्ध कृष्णवर्णीय सैनिकही लढले होते. घरं देताना भेदभाव करायला देशभर कायद्याने बंदी आली ती 1968 मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात. तोवर गोऱ्या कुटुंबाच्या घराची किंमत वाढत गेली, त्यावर मुलांची कॉलेजं झाली, मुलांना घराच्या पहिल्या हप्त्याचे पैसे मिळाले. दुसऱ्यांकडे राहिल्या भाड्याच्या पावत्या. आणि तू? तुझं इंजिनिअरिंग सरकारी कॉलेजात झालं, आजोबांची वीस एकर बागायत होती. तुझ्या कष्टांना मी कमी लेखत नाही. पण तुझी शर्यत कुठून सुरू झाली ते तू मोजत नाहीस.

'आपण त्यांच्यासारखे नाही' हे वाक्य तू पहिल्यांदा उच्चारलं नाहीस. भगतसिंग थिंड नावाचे एक पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तेव्हा नागरिकत्व गोऱ्यांना किंवा आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. थिंड यांच्या बाजूने युक्तिवाद झाला की ते उच्चजातीय आर्य आहेत, म्हणजे गोऱ्यांच्याच वंशाचे. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शास्त्र काहीही सांगो, सामान्य माणूस यांना गोरा मानत नाही. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. जात पुढे करून वर चढायला गेलो आणि पायऱ्याच काढून घेतल्या. हे मला फार लागतं. कारण त्याच्या पन्नास वर्षं आधी, 1873 मध्ये, आपल्या पुण्यात जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहून ती अमेरिकेतली गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना अर्पण केली होती. बाबासाहेब इथे कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि 1946 मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिलं, की अस्पृश्यांच्या आणि इथल्या कृष्णवर्णीयांच्या स्थितीत फार साम्य आहे. तुझ्या भाषेत हा वारसा आहे. तू थिंडच्या वकिलांचा का उचललास?

1987 साली आम्ही जर्सी सिटीत राहायचो. स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्याचं पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं. डॉट म्हणजे आपलं कुंकू. भारतीयांना शहरातून हाकलू, फोनबुकात पटेल आडनाव शोधून घरं हेरतो, असं त्यात होतं. त्याच सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला टोळक्याने इतकं मारलं की तो वाचला नाही. मी सकाळी बसला निघताना कपाळ पुसू लागले. डबा, पास, रुमाल आणि कपाळ पुसणं. तू कोण, किती शिकलेली, कर भरतेस का, हे त्यांनी कुणालाही विचारलं नव्हतं.

तू ऐकतोस ती उजव्या विचारांची पॉडकास्ट मीही मुद्दाम ऐकली. करांवर, सरकारने किती करावं यावर ते बोलतात, त्यातलं काही मला पटतंही. उजव्या विचाराचा प्रत्येक माणूस वंशद्वेष्टा नसतो. 1964 चा नागरी हक्क कायदा सिनेटमधून पार झाला त्यात एव्हरेट डर्कसन या रिपब्लिकन नेत्याचा मोठा हात होता. पण त्याच पक्षाच्या पुढच्या पिढीने दक्षिणेतल्या नाराज गोऱ्यांची मतं जमवायला काय केलं, ते ली ॲटवॉटर या त्यांच्याच प्रचारतज्ज्ञाने 1981 च्या एका मुलाखतीत सांगून ठेवलं आहे. पूर्वी उघड शिवी देता यायची. 1968 पर्यंत ती अंगाशी येऊ लागली, मग राज्यांचे हक्क म्हणायचं, म्हणजे केंद्राने आमच्या राज्यात लुडबूड करू नये, पुढे नुसती करकपात म्हणायचं. शब्द सभ्य होत जातात आणि फटका त्याच माणसांना बसतो. म्हणून आज कुणी 'डीईआय हायर', म्हणजे लायकीवर नाही तर विविधतेच्या धोरणामुळे नोकरी मिळालेला, असं म्हणालं की विचार, कुणाबद्दल म्हणतोस? त्या माणसाचं काम पाहिलंस की रंग पाहिलास?

'रिप्लेसमेंट' हा शब्दही कान देऊन ऐक. बाहेरचे लोक आणून गोऱ्यांची जागा घेतली जाते आहे, ही ती कल्पना. 2017 मध्ये शार्लट्सव्हिलला गोऱ्या वंशवाद्यांनी मशाली घेऊन याच घोषणा दिल्या. तीच डोक्यात घेऊन एल पासोत 2019 मध्ये 23 माणसं आणि बफेलोच्या किराणा दुकानात 2022 मध्ये 10 कृष्णवर्णीय माणसं मारली गेली. या गोष्टीत बाहेरचा म्हणजे तू आहेस रे. डिसेंबर 2024 मध्ये चेन्नईत जन्मलेल्या श्रीराम कृष्णन यांची व्हाइट हाउसमध्ये सल्लागार म्हणून निवड जाहीर झाली, तेव्हा ज्यांना तू आपले समजतोस त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी भारतीयांवर जी गरळ ओकली, ती तूच मला फोनवर दाखवली होतीस. सप्टेंबर 2025 मध्ये परदेशी कर्मचाऱ्यांच्या एच-वन व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी आली. त्या रात्री तुझ्या आईने पुण्याहून मला फोन केला होता.

निघताना तू दारात विचारलंस, मावशी, ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत तोंड बंदच ठेवावं ना? खरं सांगते, व्हिसावर असताना जपून राहा. मोर्चाला जा असं मी तुला सांगणार नाही, तुझ्या आईला काय उत्तर देऊ? पण लंचला कुणी त्या सहकाऱ्याची नक्कल केली तर हसू नकोस, उठून कॉफी आणायला जा. त्याला नावाने हाक मार. त्याचे आईवडील कुठे वाढले, घर कधी घेता आलं, हे तो सांगेल तेव्हा ऐकून घे. आणि तो शब्द माझ्या घरात पुन्हा उच्चारू नकोस.

शनिवारी ये. जेवण झालं की आपण जर्सी सिटीतल्या जर्नल स्क्वेअरला जाऊ. मी जिथे उभी राहायचे तो बसस्टॉप तुला दाखवायचा आहे.

तुझी,
मावशी