आई गेल्यावर समुद्रावर जाऊन खरंच बरं वाटतं का? सांगलीहून शांत किनारा कुठला?

तुम्ही लिहिलंय की आईला जाऊन सहा महिने झाले, अस्थी सांगलीलाच कृष्णेत सोडल्या, वडील दिवसदिवस बोलत नाहीत आणि कुणीतरी सांगितलं की समुद्रावर जाऊन या, बरं वाटेल. तर खरंच वाटतं का, कुठं जावं, वडिलांना न्यावं का आणि तिथं काही विधी करावा लागतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी कराडची. माझे मिस्टर गेल्यानंतर मी गुहागरला गेले आणि अजूनही जमेल तसं जाते, त्यामुळं जे स्वतः बघितलंय तेच सांगते.

बरं वाटतं. दुःख जात नाही, ते सोबत येतं आणि सोबतच परत येतं, पण तिथं ते कुणाला दाखवावं लागत नाही आणि कुणापासून लपवावंही लागत नाही, माझ्यासाठी हेच फार मोठं होतं. आपल्याकडं माणूस गेलं की तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, शेजारपाजारचे डबे येतात, पाव्हणे येतात, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागतात, लागणारच, त्यांचीही घरं आहेत. त्यानंतर जो भेटेल तो "आता कसं आहे" विचारतो आणि आपण "बरंय" म्हणतो. मंडईत भाजी घ्यायला गेलं तरी ओळखीचं कुणीतरी भेटतंच. माझ्या बाबतीत तर बायका आधी कपाळाकडं बघायच्या आणि मग तोंडाकडं. तुमच्या सांगलीपासून हेरवाड काही लांब नाही, तिथल्या ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, फार मोठं काम केलं त्या गावानं, पण ठराव झाला म्हणून प्रत्येक घरातली नजर लगेच बदलत नाही हो. गुहागरात मला कुणी ओळखतच नव्हतं. जिथं उतरले होते त्या घरच्या काकूंनी काही न विचारता मऊ भात, मेतकूट आणि तूप समोर ठेवलं आणि फक्त म्हणाल्या, "रात्री जेवायला आठ वाजता या हो." एवढंच. मला त्या माऊलीचे पाय धरावेसे वाटले.

आणि एक गोष्ट सांगते, छोटीशी आहे पण माझ्यासाठी तीच खरी होती. ओहोटी लागली की ओल्या वाळूत नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडाशी नेतात, त्यातलं खाण्याजोगं तेवढं घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतात, परत पुढची, परत पुढची, आणि बघता बघता बिळाभोवती साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरते. आपण पाऊल उचललं की सगळे एका क्षणात आत. मग अजिबात न हलता बसायचं, की थोड्या वेळानं एकेक जण डोकावतो. मी तशी बराच वेळ बसले होते, ऊन पाठीवर आलं तेव्हा लक्षात आलं की एवढ्या वेळात डोक्यात दवाखाना आलाच नव्हता. ते मशीनचं टिकटिक, आयसीयूबाहेरच्या खुर्च्या, बिलाची खिडकी, हे माझ्या डोक्यात चोवीस तास चालू असायचं, झोपेत पण. ते थांबलं. परत सुरू झालं, नाही असं नाही, पण थांबू शकतं हे कळलं आणि त्या दिवशी मला नीट झोप लागली.

विधीचं म्हणाल तर काही करावं लागत नाही, अस्थी नदीत सोडल्या म्हणजे ते काम पूर्ण झालं, कुणी दक्षिणेसाठी मनात शंका घातली तर ऐकू नका. आम्ही यांची रक्षा प्रीतिसंगमावर सोडली, तिथं कृष्णा-कोयना मिळतात आणि पुढं ते पाणी तुमच्या सांगलीवरूनच कर्नाटक, तेलंगणा, आंध्र करत बंगालच्या उपसागराला जातं. म्हणजे गुहागरचा समुद्र वेगळा आणि आपली नदी गेली त्याच्या उलट दिशेला. कोयनेचं बरंचसं पाणी मात्र वीज करण्यासाठी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरवलंय, ते वाशिष्ठीला मिळून दाभोळला अरबी समुद्रात जातं. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, तरी कुंभार्ली घाट उतरताना पोफळीची पाटी दिसली की दरवेळी आठवतं. तर आई तिथं भेटेल असं मनात ठेवून जाऊ नका, तुम्ही तुमच्यासाठी जा.

आता कुठं ते. कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर, हा माझा रस्ता. गुहागरचा किनारा लांबच्या लांब सरळ आहे, मागं सुरूचं बन आहे, गावाजवळ थोडी गर्दी असते पण दहा-पंधरा मिनिटं चाललं की आपण एकटेच. अजून शांत हवं असेल तर खाली वेळणेश्वर किंवा हेदवी. सांगलीहून तुम्हाला कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी हेही सोयीचं पडेल, मग पावसच्या पुढं गावखडीला जा, तिथंही सुरूचं बन आहे आणि माणसं कमी. वडील देवाधर्माचे असतील तर पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी त्यांना निवांत बसता येईल. गणपतीपुळ्याला दर्शन जरूर घ्या, पण जे तुम्ही शोधताय ते त्या गर्दीत मिळणार नाही. शनिवार-रविवार आणि दिवाळीची सुट्टी टाळा, एक मुक्काम तरी कराच, सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं केलं तर नुसता प्रवासच होतो.

तिथी बघून जा असं मी सगळ्यांना सांगते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि सकाळी नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी, खेकडे बघायला आणि चालायला ही वेळ छान. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, त्या दिवशी पाण्यापासून लांबच बसा. आणि कृपा करून पाण्यात शिरू नका, घोट्याच्या वर नाहीच, आपण घाटावरची माणसं, नदीत पोहता आलं म्हणून समुद्र कळत नाही, त्यात मन ठिकाणावर नसताना तर अजिबात नको. पावसाळ्यातही नको, जून-जुलैत मासेमारीसुद्धा बंद असते.

वडिलांना न्या. पण "बाबा बोला ना, मन मोकळं करा" असं मागं लागू नका. त्यांना सुरूच्या सावलीत खुर्ची टाकून द्या, पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि तुम्ही दिसाल इतक्या अंतरावर लांब चालत जा. आपल्याकडं पुरुष माणसानं रडायचं नाही असं असतं आणि मुलांसमोर तर नाहीच, तेव्हा त्यांनाही थोडा एकांत लागतोच. माझे सासरे पहिल्यांदा आमच्यासोबत आले तेव्हा एक शब्द बोलले नाहीत, परतताना मात्र पाटणपर्यंत लेकाच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होते.

मात्र वडील जेवत नसतील, रात्र रात्र जागत असतील किंवा "मीच जायला पाहिजे होतं" असं वारंवार म्हणत असतील तर समुद्र नंतर, आधी डॉक्टर. मनाच्या त्रासासाठी असलेला टेलिमानसचा १४४१६ नंबर सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतःसाठीही करू शकता. आणि अशा अवस्थेतल्या माणसाला किनाऱ्यावर एकटं सोडू नका.

परतताना दुपारच्या जेवणानंतर लगेच निघा, कुंभार्लीत धुकं उतरलं की पुढचं वळण दिसत नाही, उजेडात कोयनानगर मागं टाकलं की मग काळजी नाही.