गावाकडच्या गरीब घरांत बायकांना इतकी मारहाण का होते? दारू आणि अशिक्षितपणा एवढीच कारणं आहेत का?

दारू हे कारण आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) ज्यांचे नवरे वरचेवर पिऊन येतात अशा बायकांपैकी 70 टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. पण ज्यांचे नवरे दारूला शिवतही नाहीत, त्यांच्यातही हे प्रमाण 23 टक्के आहे. गावातली बाटली आडवी, म्हणजे दारूबंदी, झालीच पाहिजे, पण तेवढ्यानं मार थांबत नाही. माझ्या मते गरीब घरातली बाई मार खात राहते, कारण तिला दुसरीकडे जायला जागा नसते आणि मारणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं.

मी बीड जिल्ह्यातली, म्हणून ऊसतोडीच्या घरांवरून सांगते. तिथं नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचं एक एकक, धरतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, त्याआधीच मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. उचल दोघांच्या कष्टावर मिळते, मोजून घेतो नवरा. बाई उसाच्या फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते, कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, येऊन भाकरी थापते, पोरं सांभाळते. तिच्या मजुरीचा वेगळा रुपया मात्र तिच्या हातात पडत नाही. ती आजारी पडली की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो आणि तो सगळ्या कोयत्याच्या हिशेबात धरला जातो. उचल फिटेना म्हणून मुकादम नवऱ्याला चारचौघांत बोलतो. त्याला तिथं तोंड उघडता येत नाही, मग रात्री कोपीत हात उचलला जातो. माहेर तिथून दोनतीनशे किलोमीटर लांब, आणि आजूबाजूच्या कोप्यांतही असंच काही चाललेलं.

ती पोर तिथं पोचते कशी, तेही बघा. एकट्या मुलाचा कोयता अर्धा धरतात, म्हणून त्याच्या लग्नाची घाई. मुलीचे आईबाप स्वतः सहा महिने फडावर, वयात आलेली लेक गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिच्याही लग्नाची घाई. त्याच सर्वेक्षणात राज्यात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, बीडमध्ये 43.7 टक्के. शाळा सुटलेली, हातात पैसा नाही, वय सोळा. अशा मुलीला अशिक्षित म्हणून दोष कसा द्यायचा?

माहेरचं सांगताना मला फार वाईट वाटतं. लेकीच्या लग्नासाठी बापानं कर्ज काढलेलं असतं, पाठच्या बहिणी लग्नाच्या असतात, म्हणून तो तिला हात जोडून परत पाठवतो. 2005 पासून हिंदू वारसा कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. प्रत्यक्षात ती हक्कसोडपत्रावर सही करते, कारण हिस्सा मागितला तर भाऊ तोडेल आणि माहेर तुटेल अशी तिला भीती असते. मग ज्या माहेरासाठी जमीन सोडली, तिथं तिला दिवाळीचे दोन दिवस राहता येतं. मार खाऊन आली तर चौथ्या दिवशी भावजय विचारते, दाजी कधी न्यायला येणार?

बीना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. नावावर घरही नाही आणि जमीनही नाही अशा बायकांपैकी 49 टक्के जणींना नवऱ्याची मारहाण सोसावी लागली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत हा आकडा 7 टक्के होता. केरळ शिक्षणात किती पुढे आहे ते आपण जाणतो, तरीही हा फरक.

नुसती कमाई पुरत नाही हेही मी पाहिलंय. बचत गटाचं किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज बाईच्या नावावर निघतं, पैसे नवरा नेतो आणि हप्त्याच्या दिवशी पुन्हा भांडण. छप्पर तिच्या नावावर असलं की मात्र, बाहेर हो म्हणताना त्याला दहादा विचार करावा लागतो.

'नवऱ्यानं मारलं, पावसानं झोडपलं, सांगायचं कुणाला?' हे आपल्याकडे बायकाच बायकांना ऐकवतात. सर्वेक्षणात देशातल्या 45 टक्के स्त्रियांनी आणि 44 टक्के पुरुषांनी काही ना काही कारणासाठी बायकोला मारणं योग्य ठरवलं. भाजी अळणी झाली, न विचारता बाहेर गेली, सासू-सासऱ्यांना उलट बोलली, अशी ती कारणं. हिंसा सोसलेल्यांपैकी 77 टक्के जणींनी ना मदत मागितली ना कुणाला सांगितलं. मनातला हा समज फक्त गरिबांचा नाही. फरक इतकाच की शहरातल्या नोकरदार बाईला निदान भाड्याची खोली घेता येते.

तुम्ही गावात काही करणार असाल तर माझा आग्रह आधी कागदांचा आहे. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर घराला नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावून घ्या, घरकुल दोघांच्या नावानं मंजूर करून घ्या. नवरा हयात असताना सातबारावर बायकोचं नाव लागू शकतं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी हे आपणहून केलं होतं. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी मुलीला कुणीतरी जाणतं माणूस भेटलं पाहिजे.

आणि आज रात्रीच कुणाला मार पडत असेल तर 112 लावा. सल्ल्यासाठी 181 आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. तिला बाहेर काढू नये असा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. अर्ज भरायला संरक्षण अधिकारी मदत करतात, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. ऊसतोडीला गेलेली बाई हा अर्ज ती जिथं राहते आहे त्या तालुक्याच्या कोर्टातही करू शकते, त्यासाठी बीडला परत यावं लागत नाही.