ठरवलेलं सगळं फिसकटलं, तर देव वाट दाखवतोय यावर विश्वास कसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की स्टुडंट व्हिसा दोनदा नाकारला गेला, बरोबरचे दोघे मित्र कधीच तिकडे पोचले, आणि घरात जो तो म्हणतो, ‘देवाच्या मनात काहीतरी चांगलंच असेल.’ हे वाक्य मीही पुष्कळ ऐकलंय. तेव्हा म्हणणाऱ्याचा राग यायचा. आता येत नाही, पण मी स्वतः ते कुणाला म्हणत नाही.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. मला सीए व्हायचं होतं. फायनलचा एक ग्रुप निघाला, दुसरा चार वेळा राहिला. चौथ्या निकालाच्या दिवशी सायबर कॅफेत जाऊन रोल नंबर टाकला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. उठले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने दहा रुपये घेतले नाहीत. ‘रहेवा दो, बेन,’ म्हणाला. निकालापेक्षा ते जास्त लागलं.

देवाला मी काही कमी धरून नव्हते. कार्तिकी एकादशीला मांडवीच्या विठ्ठल मंदिरातून वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघतो, त्याचं दर्शन चुकलं नाही की निकाल बरा लागतो, असा नियम माझा मीच केलेला. आजीचं बघून घरच्या देवाला कौलही लावायचे; फूल उजवीकडे पडलं तर ‘हो’. एकदा ते पडेचना, तर मी पंखा लावला. हसू नका. पुष्कळांचा विश्वास असाच असतो: बेत आपला, देवाची फक्त सही हवी. सही मिळाली नाही म्हणून मी रुसले आणि आठ महिने देवळात गेले नाही. आईने एकदाही विषय काढला नाही, याचे उपकार आहेत.

आमच्या गावचीच एक गोष्ट सांगते. विनोबा भावे बडोद्यात वाढले. २५ मार्च १९१६ ला ते इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले आणि मध्येच सुरतेला उतरून काशीला गेले. मनात दोन ओढी होत्या, साधनेसाठी हिमालय आणि क्रांतीसाठी बंगाल. दोन्हीकडे जाणं झालं नाही. काशीत असताना गांधींच्या तिथल्या भाषणाबद्दल वाचलं, पत्रव्यवहार झाला, आणि ७ जूनला ते अहमदाबादच्या कोचरब आश्रमात हजर झाले. पुढे ते म्हणत, हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती दोन्ही मला गांधींजवळ मिळालं. अहमदाबाद बडोद्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. ते त्यांना काशीवरून वळसा घालून सापडलं!

ही गोष्ट कीर्तनात फार गोड लागते, पण एप्रिल १९१६ मध्ये काशीच्या घाटावर बसलेल्या वीस वर्षांच्या मुलाला पुढचं काय दिसत असेल? काहीच नाही. आणि मला तर आता त्याच्यापेक्षा घरी राहिलेले आईवडीलच आठवतात. बेत खरा मोडला तो त्यांचा. मुलगा परीक्षेला गेलाय, असं धरून चालले होते ते. (सर्टिफिकिटं विनोबांनी आधीच चुलीत घातली होती. तेवढं मात्र तुम्ही करू नका.)

तर माझं पुढे काय झालं. मांडवीतल्या एका कापडवाल्या काकांनी विचारलं, ‘बेन, मारा चोपडा जोई आपशो?’ म्हणजे माझ्या हिशेबाच्या वह्या बघून द्याल का? मला वाटलं, दया करतायत. तरी गेले. दुकानाच्या माळ्यावर तारेत ओवलेली बिलं, खाली गिऱ्हाइकांची घासाघीस. जमा-नावे जुळेना, फरक १८ रुपयांचा. फरकाला नवाने भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडलेत, एवढं शिकलेली होते. तिसऱ्या दिवशी सापडलं, ६४ च्या जागी ४६. खाली येऊन काकांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘चा पीओ.’ घरी जाताना विठ्ठल मंदिराशी चपला काढल्या आणि आत गेले. काही मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही.

आज अकरा दुकानांचे हिशेब आणि जीएसटी माझ्याकडे आहे. हे सीएपेक्षा चांगलं झालं, असं मी म्हणणार नाही. ऑडिट रिपोर्टवर सही दुसऱ्याची असते आणि दर सप्टेंबरला ते टोचतं. चार वेळा का राहिले, हे देवाने मला अजून सांगितलेलं नाही. पण त्या अठरा रुपयांपासून मी वर्षाचं मागणं सोडलं. सकाळी दिवा लावताना एवढंच म्हणते, आजचं काम दाखव. ते दिसतं. बहुतेक वेळा कंटाळवाणं असतं, पण दिसतं.

तिसऱ्यांदा अर्ज करायचा की नाही, यासाठी खूण शोधत बसू नका. नकाराच्या पत्रात कारण दिलेलं असतं, ते एखाद्या जाणकाराला दाखवा, आणि आणखी किती प्रयत्न करायचे ते आईबाबांशी पैशांच्या हिशेबाने बोलून ठरवा. देव या बोलण्यात नसतो, असं थोडंच आहे? आणि कॉलेजला आगाऊ भरलेली फी परत मागायला बहुधा मुदत असते. तेवढं याच आठवड्यात बघा.