माहीत, माहिती आणि एक अरबी प्रश्न

"'मला माहीत आहे' बरोबर की 'मला माहिती आहे'? आणि 'ठाऊक' चालेल का?" असं एका वाचकाने विचारलंय.

'माहीत'. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी "टँकर कधी येणार, कुणाला माहिती आहे का?" वाचून चहा कडू होतो. 'माहीत' विशेषण, 'माहिती' नाम. वेळ माहीत असते, वेळेची माहिती असते. मागे 'चा-ची-चे' असेल तर 'माहिती', एरवी 'माहीत'. सुटा 'माहित' मात्र ऱ्हस्व लिहू नका: गरीब-गरिबी, वकील-वकिली, तसं माहीत-माहिती.

हे झालं व्याकरण. शब्द आला कुठून ते बघा! अरबीत 'मा हिय' म्हणजे 'ती काय आहे?'. या प्रश्नालाच प्रत्यय लावून तिथल्या तत्त्वज्ञांनी 'माहिय्या' हे नाम घडवलं, म्हणजे वस्तूचं 'काय'पण. अकराव्या शतकात इब्न सीना हा तत्त्वज्ञ त्यावर काथ्याकूट करत होता. फारसीत ते 'माहियत' झालं, आपल्याकडे 'माहीत'. याचं भावंडही आपल्याकडेच आहे: 'कैफ' म्हणजे 'कसं?', त्यावरून कैफियत. दिवाणी दाव्यात प्रतिवादी देतो ती. 2005 च्या कायद्याने मिळालेला 'माहितीचा अधिकार' हा मुळाच्या हिशेबाने 'काय आहे?' असं विचारायचाच अधिकार. मसुदा करणाऱ्यांना हे माहीत असो वा नसो, शब्द चपखल बसला.

काही पंडित हा शब्द संस्कृत 'महित'वरून आणतात. 'महित' म्हणजे पूजित. प्लंबरच्या नंबरची पूजा कोण करतं? शिवाय 'माहितगार'मधला 'गार' फारसी आहे. गुन्हेगार, मदतगार बघा. ('कामगार' दाखवाल, तर तिथे तो आपल्या 'काम'ला चिकटला, मान्य.) आता हा 'गार' लागतो नामाला, म्हणजे 'माहीत' मूळचं नामच. माझ्याच वरच्या नियमाला हे जड जातंय, दिसतंय मला. पण आजच्या मराठीत ते विशेषण आहे, त्यामुळे टँकरवाल्यांना सूट नाही.

हो, 'ठाऊक' राहिलं. खुशाल वापरा. ते 'ठाव'वरून आलेलं, घरचं. त्याचं 'ठाऊकी' असं नाम आज कुणी वापरत नाही, म्हणून तिथे कुणी चुकतही नाही.