नवा गेम कन्सोल पीएस५ (प्लेस्टेशन ५) घेऊनही जुनेच गेम खेळतोय, वेळ फुकट जातोय का?

"पीएस५ घेऊन सहा महिने झाले, तरी मी पीएस४चेच गेम खेळतोय, मित्र हसतात," असं तुम्ही लिहिलंय. हसू द्या. माझंही तेच चाललंय, आणि त्यातला एक गेम तर मी पीएस४वर वैतागून अर्धवट सोडलेला होता.

तो म्हणजे ‘द लास्ट गार्डियन’. २००९ मध्ये पीएस३साठी जाहीर झालेला हा गेम रखडत रखडत डिसेंबर २०१६ मध्ये पीएस४वर आला. एक पोरगा आणि ट्रिको नावाचा पिसांचा अवाढव्य प्राणी, गोष्ट या दोघांचीच. ट्रिको सांगितलेलं लगेच ऐकत नाही (मांजर पाळणाऱ्यांना नवल वाटणार नाही). पण मोकळ्या जागेत आलं की चित्र इतकं अडखळायचं, की प्राणी हट्टी आहे की मशीन दमलंय तेच कळेना. पीएस५वर याची मूळ डिस्क कुठलंही अपडेट न घेता चालवली, की तोच गेम सेकंदाला ६० फ्रेम्सनी (म्हणजे ६० चित्रांनी) धावतो. डिस्कवरच्या त्या पहिल्या आवृत्तीत फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स दाखवायच्या याला, लगाम नव्हता, आणि पीएस५ला तो झेपतो. ट्रिको आजही ऐकत नाहीच. पण तो थबकतो, कान टवकारतो, मान वळवून बघतो, हे आता नीट दिसतं. राग येण्याऐवजी त्याची वाट बघावीशी वाटते. एवढ्यासाठी मी तो पुन्हा पहिल्यापासून खेळलो.

२०१८च्या ‘गॉड ऑफ वॉर’ला २०२१ मध्ये ६० फ्रेम्सचं फुकट अपडेट मिळालं, त्यामुळे तिथे काही खटाटोप नाही.

‘ब्लडबोर्न’ (२०१५) मात्र ३० फ्रेम्सवरच अडकलाय, त्याला तसं अपडेट आलंच नाही. तरी पीएस५वर फायदा होतोच, तो लोडिंगमध्ये. या गेममध्ये माणूस मरतो किती वेळा! दर मरणानंतर काळ्या स्क्रीनकडे बघत बसायचं म्हणजे पुढच्या वेळी काय करायचं ठरवलं होतं तेच विसरायला होतं. ते बसणं कमी झालं की शिकणंही भरभर होतं.

प्रत्येक जुन्या गेमला नवं मशीन मानवतं असं नाही. ‘डक हंट’ या बदकं टिपायच्या जुन्या गेमची बंदूक एलईडी टीव्हीसमोर धरून बघा, एक बदक पडणार नाही. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि बंदूक तो उजेड टिपायची. हे गणित पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बसवलेलं. आताचे टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतात, तोवर बंदुकीची वेळ टळून गेलेली असते. थोडक्यात, जो गेम मशीन कमी पडल्यामुळे अडला होता तो नव्यावर सुटतो. जो जुन्या यंत्रावरच बेतला होता, त्याला जुना टीव्हीच शोधा.

एक व्यवहाराची गोष्ट. तुमचा पीएस५ डिस्कवाला आहे ना? २०२०च्या डिजिटल मॉडेलला डिस्क ड्राइव्ह जोडता येत नाही, २०२३च्या स्लिमला वेगळा घेऊन जोडता येतो. आणि ‘लास्ट गार्डियन’ची डिस्क टाकण्याआधी इंटरनेट बंद करा, नाहीतर मशीन अपडेट घेऊन मोकळं होईल आणि परत ३०वर याल.