विकिपीडियावरचे संकेत शिकायचे कुठं? (तालमीचा लेख उडाल्यावर विचारलेला प्रश्न)

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कोल्हापूरच्या पेठेतल्या तुमच्या तालमीवर मराठी विकिपीडियात लेख लिहिलात, तो उडाला. मग रंकाळा तलावाच्या लेखात नंदीची गोष्ट घातलीत, तीही कुणीतरी उलटवली, म्हणजे तुमचा बदल रद्द करून आधीचा मजकूर परत आणला. नियमांची पानं वाचून डोकं भणभणलं. आता हे शिकायचं कुठं, आणि तिथं आपल्याला कुणी उभं करून घेईल का?

घेतील. फक्त नियमांची पानं तूर्त बंद करा. त्यातला बराचसा मजकूर कुठली ना कुठली भांडणं झाल्यावर लिहिला गेलाय. भांडण न बघता नुसता निकाल वाचला की तो कोरडा आणि उगाचच कडक वाटतो. भांडणं मात्र सगळी उघडी पडलेली असतात, लेखाच्या वरच्या 'इतिहास' आणि 'चर्चा' या दोन दुव्यांमागं. मी तिथंच शिकलो.

कोल्हापूर किंवा राजर्षी शाहू महाराजांवरचा लेख उघडा आणि 'इतिहास' वर टिचकी मारा. आजवरची प्रत्येक आवृत्ती तिथं जपलेली असते: कुणी बदल केला, कधी केला, मजकूर किती वाढला किंवा घटला, आणि करणाऱ्यानं दिलं असेल तर कारणही. कुठल्याही दोन आवृत्त्या निवडून शेजारी शेजारी लावता येतात. त्यातले उलटवलेले बदल तेवढे शोधा आणि का उलटवले असतील याचा आधी स्वतः अंदाज करा, मग दिलेलं कारण वाचा. थोड्याच वेळात तुम्हाला साचा दिसायला लागेल. कुणी संदर्भ न देता लोकसंख्येचा आकडा बदललेला असतो, कुणी दुकानाचा फोन नंबर टाकलेला असतो, कुणी दुसरीकडचा परिच्छेद जसाच्या तसा चिकटवलेला असतो. गावांच्या लेखांत 'प्रसिद्ध व्यक्ती' असा विभाग दिसला तर तो जरूर बघा. त्यात स्वतःचं नाव घालून जाणारे लोक किती निर्मळ मनानं घालतात, हे बघून हसू येतं.

आता तुमच्या तालमीकडं येतो, कारण खरी मेख तिथं आहे. तुम्ही लिहिलंय की तालमीला शंभर वर्षं झाली आणि सगळ्या गावाला माहीत आहे. मला ते खोटं वाटत नाही. पण चंद्रपूरला बसलेल्या वाचकाला ते तपासता आलं पाहिजे, आणि त्याला तुमचं गाव विचारायला येता येणार नाही. म्हणून विकिपीडिया दोन गोष्टी बघतो. पहिली, तालमीशी संबंध नसलेल्या कुणी तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहून छापलंय का. याला तिथं उल्लेखनीयता म्हणतात. दुसरी, लेखातलं अमुक वाक्य अमुक पुस्तकाच्या अमुक पानावर सापडतं का. वस्तादांनी तुम्हाला ओट्यावर बसून सांगितलेलं कितीही खरं असलं तरी विकिपीडियाच्या लेखी ते तुमचं स्वतःचं संशोधन ठरतं. ते तिथं चालत नाही.

मग संदर्भ कुठं मिळतील? करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे. तिथं आणि शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन कुस्तीवरची पुस्तकं नि वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली चाळता येतील का, ते विचारा. बरेच जण सगळ्यात आधी इंग्रजांच्या गॅझेटियरकडं धावतात. कोल्हापूरचा खंड १८८६ चा आहे आणि शाहू महाराज गादीवर आले १८९४ ला, म्हणजे कुस्तीला त्यांचा राजाश्रय आणि खासबाग मैदान हे सगळं त्यानंतरचं. तुमची तालीम शंभर वर्षांची असेल तर ती त्यात असायचं कारणच नाही.

तालमीची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका असेल तर तीही वापरता येते, पण बेतानं. स्थापनेचं साल, पत्ता, अध्यक्षांची नावं असल्या साध्या गोष्टींना ती चालून जाते. 'कोल्हापुरातली सर्वात जुनी तालीम' या दाव्याला चालत नाही, कारण ते तालमीनंच तालमीबद्दल म्हटलेलं आहे (आणि कोल्हापुरात हा दावा करणाऱ्या तालमी बऱ्याच निघतील). वस्तादांच्या आठवणी वाया जाऊ नयेत असं वाटत असेल, तर त्या नीट लिहून काढा आणि एखाद्या दिवाळी अंकाला किंवा वर्तमानपत्राच्या पुरवणीला द्या. संपादकाच्या हाताखालून जाऊन त्या छापून आल्या की त्यांचा संदर्भ देता येतो, शक्यतो तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी. बाहेरचं काहीच सापडलं नाही, तर स्वतंत्र लेखाचा हट्ट सोडा. मोठ्या लेखातल्या कुस्तीच्या विभागात दोन धड वाक्यं टिकतील, आख्खा लेख टिकणार नाही.

भाषेचं म्हणाल तर आपल्याकडं अभिमानाची भाषा चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखी होते: विशेषणं आधी, माणूस नंतर. 'कोल्हापूरची शान', 'रांगडा', 'ज्वलंत परंपरा' हे सगळं उडतं आणि उडायलाच हवं. पैलवानानं कुठली कुस्ती कोणत्या साली मारली हे संदर्भासह लिहिलंत की वाचकाला त्याचं मोठेपण आपोआप कळतं.

तटस्थपणा म्हणजे गुळमुळीत लिहिणं असा एक गैरसमज आहे. प्रभात फिल्म कंपनीचं बघा. कुणी तिला नुसतं 'पुण्याची कंपनी' म्हटलं की आपल्याला राग येतो, आणि रागाच्या भरात कुणी पुणे खोडून कोल्हापूर लिहितो. दोन्ही अर्धवट. कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. एवढं वाक्य संदर्भासह लिहिलं की भांडायला काही उरत नाही.

नंदीच्या गोष्टीचंही तसंच. तो रोज गव्हाभर पुढं सरकतो नि तांदळाभर मागं येतो, हे तुम्ही घडलेली गोष्ट म्हणून लिहिलं असेल तर उलटवणाऱ्याचं बरोबर होतं. 'अशी आख्यायिका सांगितली जाते' असं म्हणून, ती जिथं छापून आलीय त्याचा संदर्भ जोडा. मग तीच गोष्ट लेखात राहू शकते.

नक्कल हा प्रकार मात्र तिथं कुणी खपवून घेत नाही. मराठी विश्वकोशातली किंवा वर्तमानपत्रातली वाक्यं उचलून खाली नाव दिलं म्हणजे झालं, असं नाही. वाचायचं, मिटवायचं, आपल्या शब्दांत लिहायचं आणि मग संदर्भ द्यायचा. केतकरांचा ज्ञानकोश वेगळा, कारण ते १९३७ साली वारले आणि आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार (कॉपीराइट) संपतो. इंग्रजी विकिपीडियातून भाषांतर चालतं, पण कुठल्या लेखावरून केलं ते बदलाच्या आढाव्यात, म्हणजे जतन करताना बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत, लिहावं लागतं. फोटो तुम्ही स्वतः काढलेले असतील तर कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामायिक साठ्यावर, चढवा. तालमीत लावलेल्या जुन्या तसबिरीचा मोबाइलवर फोटो काढला म्हणून त्या तसबिरीचा हक्क आपला होत नाही, हे तेवढं लक्षात असू द्या.

बदल उलटवला गेला की पुन्हा तोच टाकायचा मोह होतो. टाकू नका. इंग्रजी विकिपीडियात एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली तर सरळ बंदी येऊ शकते. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपापले नियम ठरवतो, पण उलटवाउलटवीचं युद्ध कुठंच कौतुकाचं नसतं. लेखाच्या चर्चा पानावर जा, कुठलं वाक्य आणि कुठला संदर्भ ते सांगा, 'यात काय कमी पडलं?' असं विचारा, आणि शेवटी टिल्डाची खूण (~) चार वेळा टाका म्हणजे सही आपोआप उमटते. कुणी उत्तर दिलं नाही तर चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, विचारा. खरं सांगायचं तर काही जुने सदस्य तुसडेपणानं वागतात, एका वाक्यासाठी आख्खा परिच्छेद उडवतात आणि कारणही लिहीत नाहीत. ते मला पटत नाही. पण 'तुम्ही कोण सांगणारे' या सुरात सुरुवात केलीत तर तुमचा मुद्दा बरोबर असूनही वाया जाईल.

सुरुवातीला आपल्या जिवाभावाचा विषय घेऊ नका, हा माझा आग्रह. ज्यात तुम्हाला राग येणार नाही असा एखादा लेख घ्या, 'संदर्भ हवा' लिहिलेली वाक्यं शोधा आणि एकेकाला संदर्भ जोडा. असं काम बहुधा कुणी उलटवत नाही, आणि त्यातून तुमचं नावही ओळखीचं होतं. जुने पडलेले लेख हेही चांगलं काम. केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ ला आग लागली. अशा वास्तूबद्दल कुठं जुन्या माहितीवर वर्तमानकाळातली वाक्यं उरली असतील, तर बातमीचा संदर्भ देऊन ती दुरुस्त करता येतात. काही करून बघायचं असेल तर धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान, आहेच.

उडालेला लेख कायमचा गेला असं समजू नका. वगळलेली पानं प्रचालकांना, म्हणजे पानं वगळायचे अधिकार असलेल्या सदस्यांना, दिसतात. त्यांच्या चर्चा पानावर नम्रपणे विचारलंत, तर तो मजकूर तुमच्या सदस्य पानाखालच्या धूळपाटीवर ते देऊ शकतात. अर्थात तो नक्कल केलेला नसला तर. तुम्ही तालमीचे पदाधिकारी असाल तर ते सदस्य पानावर आधीच लिहून टाका. कुणी पैसे देऊन लिहून घेत असेल तर ते जाहीर करणं सक्तीचंच आहे. आणि तालमीच्या नावानं खातं काढलं असेल तर ते सोडा. खातं एका माणसाचं असतं.

तालमीबद्दल बाहेरच्यांनी लिहिलेलं काय काय तुमच्याकडं आहे, ते पुस्तकाचं नाव, साल आणि पान यांसह खाली लिहा. त्यातलं काय टिकेल आणि काय नाही, हे बघून सांगतो.